भिंगरीच्या गुडघ्यांची भानगड

सातारा
३ मार्च २०२५

काका,

नमस्कार करते. पण काल तुम्ही "शाळेत असताना घोडीच्या शेपटीला भ्यायचीस, आणि आता मला गुडघे शिकवतेस" असं म्हणून फोन ठेवलात, ते मी विसरलेले नाही. आपण दोघं फोनवर आलो की तिसऱ्या वाक्याला आवाज चढतो आणि काकूला शेजारणीला सांगावं लागतं की भांडण नाही, पुतणीशी बोलताहेत. म्हणून आता लिहिते. पत्र तुम्हाला मध्येच तोडता येणार नाही.

सोबतचा थर्माकोलचा डबा अर्जुनाच्या एसटीतून पाठवतेय. तासगाव गाडीवर आपल्याच गावचा कंडक्टर असताना कुरिअर कशाला? डब्यात रक्त घ्यायच्या नळ्या आहेत आणि गार ठेवायच्या निळ्या पिशव्या. पिशव्या आदल्या दिवशी फ्रीजरमध्ये ठेवायच्या. रक्त सकाळी काढायचं, भिंगरीला दावणीवरून सोडायच्या आधी. पळवून आणलेल्या घोडीचं रक्त मला नको, त्यात आकडे चढून येतात. नानासो गावभर गुरांना सुया टोचत फिरतोच, तो मानेच्या शिरेतून काढेल.

आता पुन्हा एकदा सांगते, या वेळी ओरडू नका. सांध्यात दोन हाडांच्या मध्ये एक गुळगुळीत गादी असते, तिला आम्ही कूर्चा म्हणतो. ती झिजायला लागली की तिचे बारीक कण सुटतात, सांध्यातल्या पाण्यात येतात आणि तिथून रक्तात. ते कण आम्ही इथे प्रयोगशाळेत मोजतो. एक्स-रेमध्ये काही दिसायच्या आधी, घोडं लंगडायच्या तर कितीतरी आधी, ते रक्तात सापडतात. झिजलेली गादी पुन्हा पहिल्यासारखी होत नाही, म्हणून आधी कळण्यातच सगळा अर्थ आहे. वाढ पूर्ण झालेल्या धडधाकट घोड्याचा आकडा आमच्याकडे शंभरच्या आत येतो.

दिवाळीत मी आले होते तेव्हा भिंगरी वळणावर डावा पाय जपून टाकत होती. तुम्ही म्हणालात, माशी बसली असेल. घोडी नऊ वर्षांची आहे आणि यात्रेच्या शर्यतीचा रस्ता आता सगळा डांबरी झालाय. तुम्ही मला शब्द दिलाय की आकडा वाईट आला तर यंदा तिला गाडीला जुंपणार नाही. तो शब्द काकूनेही ऐकलाय.

अंकिता

 

तासगाव, मळ्यावरून
९ मार्च २०२५

शास्त्रज्ञ पुतणीला भाऊसो काकाचे आशीर्वाद, मागितले नसले तरी.

हे बेदाण्याचे दिवस आहेत, हे सातारला पंख्याखाली बसून तुला आठवायचं नाही. शेडवर द्राक्षं वाळवायच्या जाळ्या भरल्यात, आभाळ रोज भरून येतंय, मजूर कामाआधी चहाला बसतात, आणि या सगळ्यात मी नानासोच्या मागे काचेच्या नळ्या घेऊन फिरायचं. तो आला, पागेच्या दारातून भिंगरीकडं बघितलं आणि म्हणाला, "भाऊसो, म्हशीचं काय बी काडतो. ह्या बाईच्या वाटंला आपन न्हाई जात." शेवटी काढलं एकदाचं. रक्त सकाळचं आहे, दावणीवरचं आहे, पळवलेलं नाही. तुझ्या सगळ्या अटी पाळल्यात, आता आकडा काय येतो ते सांग.

मला एक कळत नाही. रक्त मानेतून काढायचं आणि झीज गुडघ्यातली सांगायची. बरं, कुठला पाय, कुठला सांधा, ते त्यात कळतं का? तूच मागे म्हणाली होतीस, कळत नाही. म्हणजे गावात चोरी झालीय एवढंच तुम्ही सांगणार, कुणाच्या घरात ते नाही. एवढं तर आमचा गुरवही सांगतो, आणि तो सुई टोचत नाही.

तुझा बाप लष्करात गेला आणि तू पुस्तकात, तेव्हा तुला हे कुणी नीट सांगितलं नसेल. चैत्र पौर्णिमेला यात्रेच्या शर्यतीत पहिली घोडागाडी आपल्या घराची सुटते. रेषेवर गुरव नारळ ठेवतो, आपल्या गाडीचं चाक त्यावरून जातं, नारळ फुटतो, आणि मगच बाकीच्या गाड्या सुटतात. माझ्या पणजोबापासून हा मान आपला आहे. जनावर घरच्या पागेतलंच लागतं, उसनं चालत नाही, आणि गाडी शेवटपर्यंत पळवावी लागते. यंदा आपली गाडी आली नाही तर मान दुसऱ्या गाडीच्या सयाजीकडं जातो, आणि एकदा गेलेला मान कुणी ताटात घालून परत आणून देत नाही. सयाजी आत्तापासून मला बघून मिशीवर हात फिरवतो. पागेत भिंगरीशिवाय आहे कोण? तिच्या बहिणीचं पोर तुरा, वर्षाचं शिंगरू. त्याच्या पाठीवर अजून माशीसुद्धा जपून बसते. त्याला गाडीला जुंपायचं तर मलाच शेजारी पळावं लागेल.

काकू विचारतेय, त्या निळ्या पिशव्या परत करायच्या का. तिला त्यात दही गार ठेवायचंय.

भाऊसो

 

सातारा
१९ मार्च २०२५

काका,

पिशव्या काकूला ठेवू देत. बाकी बातमी चांगली नाही.

चाचणीची ताटली पुरेसे नमुने जमून भरल्याशिवाय लावता येत नाही, म्हणून इतके दिवस गेले. भिंगरीचा आकडा चारशेच्या वर आलाय. मला आधी वाटलं माझाच हात चुकला, म्हणून उरलेल्या रक्तावर दुसऱ्यांदा लावली. तेवढाच आला. मोठ्या घोड्याचा इतका आकडा मी आजवर एकदाच बघितलाय, आणि त्या घोड्याला उभं राहवत नव्हतं.

म्हणजे भिंगरीच्या कुठल्यातरी सांध्यात गादी भराभर झिजतेय. कुठल्या ते रक्तातून कळत नाही, हे तुमचं म्हणणं खरं आहे, पण घरात आग लागल्यावर आधी कुठल्या खोलीत लागली यावर वाद घालत नाहीत. आजपासून तिला डांबरावर न्यायचं नाही, गाडीला जुंपायचं नाही, पळवायचं तर नाहीच. यात्रा झाली की तिला इथे आणा, सांध्यातलं पाणी काढून तपासू, म्हणजे कुठला पाय तेही कळेल.

मान गेल्याचं मला वाईट वाटत नाही असं समजू नका. वाटतं. पण भरधाव असताना तिचा पाय गेला तर घोडीही जाईल आणि गाडीवर तुम्ही असाल. शब्द पाळा.

अंकिता

 

तासगाव
२२ मार्च २०२५

अंकिता,

तुझं यंत्र बिघडलंय. हे मी छातीवर हात मारून सांगतो, देवळात येऊन सांगतो, तुझ्या प्रयोगशाळेच्या त्या मोठ्या मॅडमसमोर उभा राहून सांगतो. चारशेच्या वर! ज्या जनावराचं रक्त मी पाठवलं त्याचे गुडघे लोण्यासारखे आहेत. माझ्या हाताखालून तीस-चाळीस घोडी गेलीत, मला गुडघा कळतो. या जनावराला काहीही झालेलं नाही. काहीही.

तू म्हणतेस, लंगडायच्या आधी कळतं. उद्या तू म्हणशील, जन्मायच्या आधी कळतं. जे दिसत नाही, हाताला लागत नाही, जनावराला दुखत नाही, ते खरं, आणि जे डोळ्यांनी दिसतं ते खोटं? असं असेल तर तुझ्या प्रयोगशाळेत एक गुरव नेमून टाका, पगार कमी पडेल.

शब्द दिला होता, खरं आहे. पण खऱ्या चाचणीसाठी दिला होता. खोट्या चाचणीवर शब्द कसा लागू होईल? काकू म्हणते लागू होतो. काकू तुझ्याच बाजूची आहे, तिला तू दह्याच्या पिशव्या देऊन फितवलंयस. मला पुन्हा तपासणी पाहिजे. दुसऱ्या नळ्या पाठव. जमिनीची मोजणी चुकली तर फेरमोजणी होते, मग घोडीच्या गुडघ्याची का नाही?

भाऊसो

 

सातारा
२५ मार्च २०२५

काका,

तुम्ही रागावणार हे माहीत होतं, पण इतक्या खात्रीने रागावणार हे नव्हतं. छातीवर हात मारण्याइतकं काय दिसलं तुम्हाला, ते तरी लिहा. हाताला गुडघा थंड आणि गुळगुळीत लागतो म्हणून आतली गादी शाबूत असेलच असं नाही. गादीला नसाच नसतात, ती झिजताना दुखत नाही. दुखायला लागतं ते पुढे, आजूबाजूचं सगळं सुजून हाडावर हाड यायला लागल्यावर, आणि तेव्हा मग कुणाच्याच हातात काही राहत नाही. हे मी तुम्हाला किती वेळा सांगितलंय! भिंतीला सांगितलं असतं तर एव्हाना तिने मान हलवली असती.

यंत्र बिघडलेलं नाही. त्याच ताटलीत अकरा घोड्यांचं रक्त होतं, त्यांचे आकडे बरोबर आले. फक्त तुमच्याच घोडीच्या वेळी ते रुसलं काय?

तरीही नळ्या पाठवतेय, कारण नाही पाठवल्या तर तुम्ही गावभर सांगाल की पुतणी घाबरली. अट एकच, तोवर तिला पूर्ण आराम द्यायचा. फेरमोजणी होईल, पण ती तुमच्या मनासारखी होईल असा शब्द मी देत नाही.

आणि नानासोला सांगा, नळीवर जनावराचं नाव नीट लिही. गेल्या वेळी त्याने नुसतं "भाऊसो" लिहिलं होतं. मॅडमनी विचारलं, हा घोडा कुठल्या जातीचा.

अंकिता

 

तासगाव
२८ मार्च २०२५

अंकिता,

डबा अर्जुनाकडं दिलाय. या वेळी भिंगरीला मी स्वतः धरली होती. नानासोला एक लाथ बसलीय, मांडीवर. तो म्हणतो सरकारनं घोड्यासाठी वेगळा भत्ता द्यायला पाहिजे.

बेदाण्याची प्रतवारी चाललीय, जास्त लिहायला वेळ नाही. आकडा लवकर कळव. यात्रा जवळ आली, गाडीची चाकं रंगवायला द्यायची की नाही ते मला ठरवायचंय.

भाऊसो

 

सातारा
५ एप्रिल २०२५

काका,

आधी माझ्याकडून माफी घ्या, मग पेढे घ्या.

भिंगरीचा आकडा एकशे नव्वद आलाय! चारशेच्या वर होता तो निम्म्याच्याही खाली उतरला. तुम्ही तिला खरोखर आराम दिलात, डांबरावर नेली नाहीत. मला वाटलं होतं तुम्ही "हो हो" म्हणून रोज सकाळी कॅनॉलपर्यंत पळवत असाल. तुमच्यावर संशय घेतला, चुकलंच माझं.

तुम्हाला कल्पना नाही, मला किती आनंद झालाय. आराम दिल्यावर आकडा इतका उतरतो हे दाखवणारं जनावर मी दोन वर्षं शोधतेय. इथल्या घोड्यांना कुणी आराम देतच नाही, लग्नाच्या वरातींतून सुटका नसते त्यांची. काल सगळ्यांसमोर भिंगरीचा आलेख पडद्यावर लावला. मॅडमनीसुद्धा तो पुन्हा लावायला सांगितला, आणि त्या सहसा कुठलाच आलेख दुसऱ्यांदा बघत नाहीत.

एकशे नव्वद म्हणजे अजून जास्तच आहे. पण उतरता आहे, आणि उतरणं महत्त्वाचं. झीज थांबत आलीय असं मी धरते. तेव्हा यंदाच्या शर्यतीपुरती मी तुम्हाला शब्दातून मोकळं करते. उगीच चाबूक वाजवू नका, पहिलं यायची हौस सयाजीला भागवू दे, आपली गाडी शेवटपर्यंत गेली म्हणजे झालं. त्यानंतर पावसाळा संपेपर्यंत तिला पूर्ण सुट्टी.

चाकं रंगवायला द्या. या वेळी पिवळी करा, लाल बघून कंटाळा आला.

अंकिता

 

तासगाव
७ एप्रिल २०२५

अंकिता,

पत्र मिळालं. चाकं पिवळी केली. गुरव येऊन मानाचा विडा देऊन गेला. गावात सगळ्यांना कळलंय की पुतणीनं घोडी पास केली. पारावर बसलो तर लोक म्हणतात, "भाऊसो, तुजी पुतनी लय हुशार गड्या."

एक सांग. तू इतकं शिकलीस तर हेही सांगता येईल. समजा, दुसऱ्या एखाद्या घोडीचा, अशीच नऊ वर्षांची, अशीच गाडीला पळालेली, तिचा पहिल्याच खेपेला एकशे नव्वद आला असता, तर तू काय म्हणाली असतीस? मागचा चारशे वगैरे काही नाही. नुसता एकशे नव्वद.

सहज विचारतोय. पारावर एकानं विचारलं, मला उत्तर देता आलं नाही. लवकर लिही. अर्जुना रोज येतो.

आणि हे असं एवढ्या आनंदात पत्र लिहीत जाऊ नकोस. माणसाला वाचवत नाही.

भाऊसो

 

सातारा
१० एप्रिल २०२५

काका,

तुमचं काही कळत नाही. वाईट बातमी दिली तर ओरडता, चांगली दिली तर "वाचवत नाही" म्हणता. माणसाने लिहायचं तरी काय?

पारावरच्या माणसाला सांगा, तशा घोडीचा पहिलाच आकडा एकशे नव्वद आला असता तर मी म्हणाले असते, आजच्या आज थांबवा. मोठ्या घोडीला तो आकडा वाईटच आहे. भिंगरीचा चालतो तो केवळ चारशेवरून खाली आला म्हणून. ताप उतरत असताना शंभर असणं वेगळं आणि चढत असताना शंभर असणं वेगळं. एवढी साधी गोष्ट आहे, आणि ती विचारायला तुम्ही

हे अर्धवट टाकून चहाला गेले होते. चहा तसाच ठेवून परत आलेय.

काका, पारावर असले प्रश्न कुणी विचारत नाही.

ज्याचं रक्त मी पाठवलं त्या जनावराचे गुडघे लोण्यासारखे आहेत, असं तुम्ही लिहिलं होतं. जनावर म्हणालात, भिंगरी म्हणाला नाहीत. छातीवर हात मारून सांगत होतात की याला काही झालेलं नाही. आणि खरंच झालेलं नव्हतं, कारण ती पहिली नळी तुऱ्याची होती. बरोबर ना? तुम्ही विचार केलात, वर्षाचं कोवळं शिंगरू, अजून पाठीवर ओझं नाही, याच्याइतका स्वच्छ गुडघा कुठे मिळणार? याचं रक्त पाठवलं की आकडा शंभरच्या आत, पुतणी खूश, गाडी रेषेवर.

अहो, वाढत्या शिंगराच्या सांध्यात ती गादी रोज मोडते आणि रोज नवी बांधली जाते! घराचं बांधकाम चाललेलं असलं की दारात विटांचे तुकडे पडणारच. त्याच्या रक्तात हे कण मोठ्या घोड्याच्या चौपट-पाचपट असतात आणि ते जनावर ठणठणीत असतं. म्हणून शिंगरांची मोजणी आम्ही वेगळी ठेवतो. जगात मला फसवायला एकच प्राणी चालणार नव्हता, तो नेमका निवडलात. म्हातारी गाढवीसुद्धा चालली असती.

आणि मी मूर्खासारखी, एका शिंगराचा आकडा आणि एका घोडीचा आकडा रेघेने जोडून उतरता आलेख काढला. सगळ्यांसमोर पडद्यावर लावला. इतका उतार इतक्या थोड्या दिवसांत होत नाही, हे मला कळायला हवं होतं. मला तो उतार हवा होता म्हणून दिसला. तुमच्यावर ओरडतेय, पण निम्मं ओरडणं माझ्या वाट्याचं आहे.

ते सगळं नंतर. आता एवढंच वाचा. भिंगरी बरी होत नाहीये. तिला उतार पडलेला नाही. तिचा आकडा फक्त एकदाच मोजला गेलाय आणि तो वाईट आहे. मी दिलेली परवानगी खोट्या आकड्यावर दिली होती. ती मी परत घेते. तिला जुंपू नका. काका, पाया पडते, जुंपू नका.

दुपारपासून फोन लावतेय, तुमचा बंद आहे. काकूचा लागत नाही. अर्जुनाला गाठायला स्टँडवर चाललेय.

अंकिता

 

तासगाव
१४ एप्रिल २०२५

अंकिता,

तुझा आवाज ऐकायचं धाडस नव्हतं म्हणून फोन मी बंद करून ठेवला होता. काकूचा बेदाण्याच्या पेटीत सापडला. अर्जुनाला यात्रेची जादा गाडी लागली, त्यामुळं तुझं पत्र माझ्या हातात पडलं तेव्हा शर्यत होऊन गेली होती.

घोडी पागेत आहे. जुंपली नाही. हे आधी सांगतो, म्हणजे पुढचं नीट वाचशील.

तू लिहिलंस ते सगळं खरं आहे. पहिलं रक्त तुऱ्याचं. नानासोला मीच दम देऊन गप्प बसवलं, त्याला काही बोलू नकोस, त्या बिचाऱ्याची मांडी अजून काळीनिळी आहे. तू चारशे म्हणून लिहिलंस तेव्हा मला मनापासून वाटलं की तुझी चाचणी खोटी. मी चिडलो ते खोटं चिडलो नव्हतो. दुसऱ्या वेळी म्हटलं, आता खरं रक्त पाठवू, नाही तरी या चाचणीत काही दम नाही. तर तू पेढे वाटलेस. त्या दिवसापासून मला जेवण गेलं नाही. शिव्या दिल्या असत्यास तर बरं झालं असतं.

तुला प्रश्न विचारला आणि पत्र अर्जुनाला देऊन घरी आलो. काकू म्हणाली, "पोरीला कशाला इचारताय? रोज पायावरनं हात फिरवताय की. तुमास्नी ठावं न्हाई व्हय?" मी तिच्यावर ओरडलो. मग पागेत गेलो. डावा गुडघा कोमट लागतो. दोन महिने लागतोय. मी स्वतःला सांगत होतो, उन्हाचा लागत असेल, गवतावर बसली असेल. तुझं उत्तर यायची वाट बघत होतो ते उत्तरासाठी नाही. तू "चालेल" म्हणालीस तर पुढचं पाप तुझ्या नावावर जाईल, म्हणून बघत होतो. हे लिहायला मला लाज वाटते, पण लिहितो.

पौर्णिमेला सकाळी पिवळ्या चाकांची गाडी अंगणातच उभी ठेवली आणि मी एकटा रेषेवर गेलो. गुरवानं तीनदा पुकारा केला. मी म्हटलं, आमची गाडी यंदा येणार नाही. सयाजीच पुढं आला, "का रं भाऊसो? घोडी लंगडली व्हय?"

"न्हाई."

"मग दुखतंय काय?"

"न्हाई."

"आरं मग झालंय काय तिला?"

काय सांगू? म्हटलं, "रक्तात निघालंय." एवढं म्हटलं आणि जी हसली माणसं! अजून हसताहेत. सयाजीच्या चाकाखाली नारळ फुटला. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही, हे मात्र सांगायला पाहिजे. मिशीवर हातही नाही फिरवला.

आता माझी गंमत ऐक. घोडी लंगडत असती तर मी शहाणा ठरलो असतो. पाय मोडला असता तर सगळे हळहळले असते. पण ती पाण्यावर जाते ती मान वर करून, टापा वाजवत, पारासमोरून. लोक मला दाखवतात, "बघा की, कशी चालतीया. आन म्हनं रक्तात निघालंय." मला कुणाला काही दाखवता येत नाही. आणि मी केलं ते बरोबर ठरलं तर पुढेही कधी दाखवता येणार नाही, कारण मग काही होणारच नाही. असलं कसलं गं तुझं शास्त्र? माणूस बरोबर वागला तर जन्मभर वेडा दिसतो. तुम्ही लोक हे सहन कसं करता?

पण त्याचं एवढं नाही. मान गेला, लोक हसले, तेही पचेल. भिंगरीचं पचत नाही. शर्यतीच्या वेळी हलगी वाजायला लागली आणि तिला वाटलं आपली वेळ झाली. दर वर्षी मी येतो, तिला खरारा करतो, कपाळाला गुलाल लावतो. ती दाराकडं तोंड करून उभी राहिली. मी आलो, आणि दार लावून घेतलं. मग बाहेर गाड्या सुटल्या. तिनं दावं ओढलं, भिंतीला टापा मारल्या, ओरडली, अंगावर फेस आला. मी मानेला मिठी मारून उभा राहिलो तर मला ढकलून दिलं. शेवटची गाडी गेल्यावर गप्प झाली.

तेव्हापासून माझ्या हातचं खात नाही. काकूच्या हातची चंदी खाते. नानासोच्या हातचीही खाते, त्यानं तर सुई टोचली. मी गेलो की तोंड भिंतीकडं. तिला वाटतंय, मी तिला शिक्षा केली. नऊ वर्षं झाली, ओलं पिल्लू होती तेव्हा माझ्याच हातांनी पुसली होती तिला. हे तिच्यासाठीच केलं, ते कुठल्या भाषेत सांगू? मला रडायला येतं, खोटं सांगत नाही.

टेम्पो ठरवलाय, गुरुवारी तिला तुझ्याकडं आणतो. सांध्यातलं पाणी काढ, कुठला पाय ते बघ, काय करायचं ते कर. मी शेजारी उभा राहीन, ओरडणार नाही. फक्त एक सांगून ठेवतो, तुझ्या मॅडमना आणि सगळ्यांनाही सांग. तिला टेम्पोतून उतरवताना ती माझ्याकडं पाठ करून उभी राहील. कुणी हसू नका.

भाऊसो